दोन चापट्यांचं विमान

माझ्या नवऱ्याचं विमान मी बनवलं. प्लास्टिकचं, खऱ्याच्या बत्तीसाव्या हिश्श्याचं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढं. त्याच्या अंगावरचे रिव्हेट वर उठलेले आहेत, नाकावर हळदीचा डाग आहे आणि डाव्या कुशीला एक ठिगळ आहे, जे कुठल्याही फोटोत सापडणार नाही. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असं मला जाणकारांनी नीट समजावून सांगितलं. मीही नीट समजून घेतलं. विमान आहे तसंच आहे.

नवऱ्याशी बोलताना मी अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही, पानावर तरी आम्ही बरोबरीनं बसू. तो मालवणकडचा. मिसरूड फुटायच्या वयात हवाई दलात भरती झाला तो पायलट म्हणून नव्हे, फिटर म्हणून. मिगचा पत्रा, पंख, शेपूट, हे त्याचं खातं. आमच्या लग्नात माझी मावशी मांडवभर सांगत फिरली की जावई विमान चालवतात. तिला त्यानं हाक मारून सांगितलं, "मी चालवणंय नाय, मी सोडतंय." मावशीला ते काही झेपलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

सोडणं म्हणजे काय, ते त्यानं मला नंतर दाखवलं, आमच्या स्कूटरवर. विमान धावपट्टीकडे निघायच्या आधी तो त्याच्या सगळ्या अंगावरून तळवा फिरवायचा, नाकापासून शेपटापर्यंत. उन्हात पत्रा चमकतो आणि डोळा फसतो, पण तळवा फसत नाही, असं त्याचं म्हणणं. एखादा रिव्हेट सैल झाला, पत्र्याची कड जराशी उचलली गेली, तर हाताला आधी कळतं. सगळं ठीक असलं की विमानाच्या कुशीवर दोन चापट्या. त्या चापट्या म्हणजे त्याची परवानगी. कागदावरची सही नंतर व्हायचीच, पण तो मानायचा या सहीला.

हवाई दल सुटलं, आम्ही बोरीवलीला राहायला आलो, त्यानं एका कारखान्यात पुढची नोकरी केली, पण चापट्या सुटल्या नाहीत. स्कूटर सर्व्हिसिंगहून आली की दोन चापट्या. प्रवासाच्या बॅगेची चेन लागली की दोन चापट्या. मुलगी दहावीच्या पहिल्या पेपरला निघाली तेव्हा दारात तिच्या पाठीवर पडल्या आणि बाळंतपणानंतर मी पुन्हा कामावर निघाले तेव्हा माझ्याही. त्या पडल्या की आपण निघायला तयार आहोत असं वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

मग त्याचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडांचं दिसेनासं झालं, मग ते आत आत सरकत आलं, आणि आता एका डोळ्यानं बांगडीतून पाहावं एवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, थेंब चुकवायचे नाहीत. नवऱ्यानं एकही थेंब चुकवला नाही. कुरकुर केली नाही, देवाला बोल लावला नाही. खाली कट्ट्यावर जाणं बंद केलं, मित्रांचे फोन घेणं बंद केलं आणि खिडकीशी बसून राहायला लागला. लोक म्हणायचे, किती शांतपणे घेतलंय. मला त्या शांतपणाचा संताप यायचा. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान माझ्याशी तरी.

एका सकाळी मी चहा टाकायला गेले तर तो फ्रीजपुढे उभा होता. दारावरून तळवा फिरवत होता, वरून खाली, सावकाश, अगदी कामाला लागल्यासारखा. मी दारातच थांबले. हात हँडलपर्यंत आला, थोडा वर उचलला गेला, आणि तसाच खाली आला. चापटी पडली नाही. तो भिंतीच्या आधारानं खिडकीशी जाऊन बसला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात कितीतरी दिवसांत दोन चापट्या वाजल्या नव्हत्या. ज्याला दिसत नाही त्यानं कशाला परवानगी द्यायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मला न विचारता ठरवलं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की या चापट्या मी परत आणणार.

पोटमाळ्यावर एक खोकं होतं. मुलीनं बाबांना भेट दिलेलं, मिगच्या मोठ्या मॉडेलचं. तेव्हा डोळे शाबूत होते, पण त्यानं ते उघडलंच नाही. खरं विमान कवेत मावत नसे, आणि हे काय चिमणीएवढं, असं म्हणाला होता. मी ते खाली काढलं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटीच चौकटी, त्यांना जोडलेले शेकडो तुकडे. जेवायचं टेबल त्या दिवसापासून टेबल राहिलं नाही.

आता माझं सांगते. मी आयुष्यभर कवळ्या केल्या. अंधेरीच्या एका लॅबमध्ये दातांचे साचे, मेण, तारा, गुलाबी हिरड्या, यांत माझी उमर गेली. त्या धंद्यात एक गोष्ट शिकले. आरशात झकास दिसणारी कवळी जिभेला टोचली, की तो माणूस तुमच्या तोंडावर छान आहे म्हणतो आणि घरी जाऊन ती कपाटात ठेवतो. कवळी बघण्यासाठी नसतेच. जीभ काय म्हणते ते खरं.

तर हत्यारं माझ्या हातातली होती. पण विमानाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारीण लिफ्टमध्ये म्हणाली, "या वयात खेळणी?" मी म्हटलं, "या वयात नाही तर कधी? तुमच्या वयात वेळ नव्हता." मुलगी पवईला ऑफिसात असते, तिनं फोनवर सांगितलं, "आई, यार, बाबांना ऑडिओ लावून दे ना गोष्टींचे. तू हे कुठे करत बसतेस?" म्हातारचळ हा शब्द कोणी तोंडावर बोललं नाही, पण तो जिन्यातून माझ्या मागे यायचा हे मला कळत होतं.

मुलीनंच मग मला मॉडेल करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं. सगळे पुरुष. तो ग्रुप पार्ल्याचे एक निवृत्त इंजिनिअर चालवायचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणायला लागले. माणूस सज्जन. फोनवर तासभर बोलून मला पुट्टी कशी भरायची, सांधा घासून कसा नाहीसा करायचा, रंगाचा फवारा किती लांबून मारायचा, सगळं शिकवलं. पत्र्यांमधल्या रेषा कोरीव असायला हव्यात, केसाएवढ्या. आणि रिव्हेट दिसताच कामा नयेत. "मॅडम, मिगचा पत्रा बहुतेक गुळगुळीत. बत्तीसाव्या हिश्श्याला रिव्हेट नुसता भास म्हणून उरायला हवा," असं ते म्हणाले. मी तसंच केलं. सांधे असे घासले की नख फिरवलं तरी लागू नये.

पहिला रंग वाळला तेव्हा मी विमान उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. काही सांगितलं नाही. त्यानं तळवा फिरवला, नाकाचा शंकू, पाठ, पंख, उभं शेपूट. आकारावरून ओळखलं. चेहरा हलला जरासा. परत एकदा फिरवला.

"बरा आसा गो," तो म्हणाला आणि विमान माझ्याकडे दिलं.

बरा आसा. हे दोन शब्द तो आमटीत मीठ नसलं की म्हणतो. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. माझी कवळी कपाटात गेली होती.

राग उतरल्यावर मी डोकं चालवलं. खऱ्या विमानावर त्याच्या तळव्याला जे लागायचं ते कागदाच्या जाडीचं. ते बत्तीस पट लहान केलं तर उरतं काय? काहीच नाही. डोळ्याला विमान लहान करून चालतं, कारण डोळा पटकन समजून घेतो. हाताला तसं चालत नाही. माझ्या नवऱ्याच्या हाताला मी गुळगुळीत वांगं दिलं होतं.

मग मी सगळं उलटं केलं. कवळीच्या हिरड्या करायची पावडर आणि द्रव कालवून बोथट सुईनं खसखशीएवढे थेंब ठेवत गेले, ओळीनं, प्रत्येक पत्र्याच्या कडेला. ओळी कुठून कुठे जातात ते त्याला विचारायची. तो खिडकीशी बसूनच सांगायचा, मान न वळवता. आधी तुटक, मग हळूहळू लांब वाक्यांत. पंखाच्या मुळाशी दोन ओळी. पाठीवर हातभर एक. मग एका दुपारी आपणहून म्हणाला, "डाव्या बाजूक, पायलटाच्या खाली, माझा ठिगाळ आसा."

शिडीची गाडी घासून पत्रा फाटला होता म्हणे. ते ठिगळ त्यानं एकट्यानं बसवलं होतं, अंगावर घामाच्या धारा लागलेल्या असताना. विमान त्यानंतर कित्येकदा गेलं आणि आलं, ठिगळ जागचं हललं नाही. चौकोनी नाही, एक कोपरा कापलेला, कारण तिथं जवळच एक झाकण उघडायचं असे. एवढ्या वर्षांत हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं म्हणा. मी पातळ पत्रा कापून ठिगळ बसवलं, एक कोपरा कापलेलं.

"बघा आता," मी म्हटलं.

"आता नाय. उडूच्या दिवशी बघतलंय." शेडमध्ये उभ्या विमानावर हात फिरवून उपयोग नसतो, तपासणी निघायच्या दिवशी, निघायच्या जागी, असं त्यानं मला बजावलं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं, कारण कित्येक महिन्यांनी तो माझ्यावर गुरकावला होता. पार्ल्याच्या एका हॉलमध्ये ग्रुपचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती. मी म्हटलं, तोच उडायचा दिवस. तो घराबाहेर पडायला तयार झाला. मी लगेच नाव दिलं, त्याचं मन बदलायच्या आत.

मधे दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. माझी मेणाची हत्यारं, त्याचे जुने पक्कड-पाने, यावर्षी पाटावर विमानही. त्यांच्याकडे तळावर विमानांना झेंडू घालायचे, नाकाला हळद-कुंकू लावायचे, त्यामुळे ते बोट त्यानंच लावायचं ठरलं. त्यानं वाटीत बोट बुडवलं, चाचपत नाक शोधलं आणि भरघोस लावलं. रंगावरचा वार्निशचा हात द्यायचा बाकी आहे हे मला आठवलं तेव्हा ओली हळद कोऱ्या रंगात मुरून गेली होती. कुंकू ओल्या फडक्यानं आलं. हळद कुठली येते? ज्यांनी पांढऱ्या कपड्यांवर आमटी सांडलीय त्यांना मी काय सांगू.

सरांना फोटो पाठवला तसा त्यांचा फोन आला. "मॅडम, अहो, हे काय केलंत? खसखस पेरल्यासारखं दिसतंय. आणि ते ठिगळ कुठल्या फोटोवरून घेतलं?"

"फोटो नाही. तिथं कॅमेरा नेऊ देत नसत."

"मग परीक्षक ते मानणार नाहीत. अजून दिवस आहेत हातात. रिव्हेट घासून टाका, नाकाला पुन्हा रंग द्या. तुमचा हात इतका सुरेख आहे, बक्षीस नक्की आहे हो."

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या नियमानं माझं विमान चुकीचं होतं, आणि तो नियम काही मूर्खपणाचा नाही. बघण्यासाठी करायचं असेल तर तसंच करावं. मी म्हटलं, "सर, बक्षीस नको. आणायची परवानगी असू द्या." ते म्हणाले, आणा. मी नाकावरची हळद तशीच ठेवली आणि तिच्यावरच वार्निश मारलं.

प्रदर्शनाच्या सकाळी मुलगी गाडी घेऊन आली. विमान गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलमध्ये खाच पाडून एका खोक्यात बसवलं. नवऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी स्वतः केली होती.

हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, वर रणगाडे, जहाजं, विमानं. काय एकेकाचं काम, बघत राहावं असं. टेबलांपुढे दोरी बांधलेली आणि हातभर अंतरावर पाट्या: हात लावू नये. माझं विमान सरांनीच दोरीपलीकडे नेऊन ठेवलं, जपून, दोन्ही हातांनी. मी नवऱ्याचा कोपर धरून त्याला दोरीपाशी नेलं.

"खय आसा?" त्यानं विचारलं आणि हात पुढे केला. हात दोरीला लागला.

"सर, यांना विमान तपासायचंय," मी म्हटलं.

सर कानकोंडे झाले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, परीक्षण व्हायचंय अजून. एकाला हात लावू दिला तर सगळेच लावतील. परीक्षण संपलं की मी स्वतः त्यांच्या हातात देतो. संध्याकाळी."

"तपासणी उडायच्या आधी असते. नंतर काय करायची?"

"हात लागला तर स्पर्धेतून बाद करावं लागेल हो मला."

"मग करा बाद."

मी दोरी वर उचलली आणि वाकून पलीकडे गेले. या वयात वाकून दोरीखालून जाणं काही शोभेचं दिसत नाही, साडी अडकली, गुडघा वाजला, कोणीतरी आंटी आंटी म्हणून ओरडलं. मुलगी मागून म्हणाली, "आई, अगं लोक बघतायत." बघू देत. बघायलाच तर आले होते सगळे. मी विमान उचलून आणलं आणि नवऱ्याच्या डाव्या हातावर ठेवलं.

त्याचा उजवा तळवा नाकापासून निघाला. शंकू, हळदीची जागा, मग रिव्हेटच्या ओळी. बोटं नव्हे, तळवा, सपाट, मी स्कूटरवर पाहिला होता तस्सा. डाव्या कुशीला तो थांबला. अंगठ्यानं ठिगळाच्या चारी कडा मोजल्या, कापलेला कोपरा दोनदा. "ह्या माझा," तो म्हणाला. मला नाही, कोणालाच नाही. मी चापट्यांची वाट बघायला लागले.

तळवा पुढे गेला. पंखाचं मूळ, पोट, शेपूट. शेपटाच्या बुडाशी थांबला. मागे आला, परत गेला.

"हय एक रिबेट नाय."

मी चष्मा वर करून पाहिलं. ओळीतला एक थेंब उडाला होता, बहुतेक थर्माकोलमधून काढताना. मलाही मुश्किलीनं दिसला.

"एकच आहे हो," मी म्हटलं.

"आज उडाचा नाय ह्या," तो म्हणाला आणि विमान माझ्या हातात परत दिलं. एवढ्या लोकांत, एवढ्या खटाटोपानंतर. क्षणभर मला त्या माणसाला तिथेच सोडून जावंसं वाटलं. मग त्याचा चेहरा पाहिला. त्यावर ती शांतता नव्हती. कपाळाला आठी होती, ओठ मुडपलेले होते, कामात चूक सापडलेल्या माणसाचा चिडका, जिवंत चेहरा. या चेहऱ्यासाठी तर मी टेबल अडवून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "अहो, राहू द्या आता इथेच. बाद वगैरे नाही करत मी, ठेवू प्रदर्शनापुरतं. एक रिव्हेट, कोणाला दिसणार आहे?"

"दिसणार कोणालाच नाही," मी म्हटलं. "पण यांची परवानगी नाही मिळाली. विमान घरी जाणार." त्यांनी थर्माकोलचं खोकं माझ्यापुढे धरलं. वाईट माणूस नव्हेच तो.

परत येताना नवऱ्यानं खोकं मांडीवर घेतलं आणि सबंध रस्ता बडबडत होता. एकदा मोठ्या साहेबाची तपासणी असताना त्यानं विमान कसं अडवून धरलं होतं, साहेब कसा तापला, मग कसा गप्प झाला. मुलगी आरशातून माझ्याकडे बघत होती. तिनं हे काहीच कधी ऐकलं नव्हतं.

घरी येऊन मी साडीही बदलली नाही. पावडर-द्रव कालवलं, थेंब ठेवला, वाळू दिला. तो हात धुऊन, पुसून, टेबलाशी येऊन बसला. खिडकीशी नाही. पुन्हा नाकापासून सुरुवात. शेपटाच्या बुडाशी तळवा थांबला आणि पुढे गेला.

मग दोन चापट्या. त्याच्या जुन्या मिगला पडायच्या तशाच, सणसणीत. विमान टेबलावर उडालं, मिगच्या नाकापुढे असते ती वेग मोजायची लांब सुई तुटली आणि टणकन फ्रीजखाली गेली.

"मोडला काय गो?" त्याचा हात हवेतच राहिला.

मला त्या हाताची भीती वाटली. तो आता खाली आला तर परत वर जायचा नाही. "काही मोडलं नाही," मी म्हटलं, "माझं काम कच्चं होतं." आणि कपाटातून कवळी दातांना अडकवायच्या आकड्याची तार काढली, स्टीलची. ही तार माणसांच्या तोंडात वर्षानुवर्षं चकल्या आणि ऊस सोसते. नाकात भोक पाडून ती आतपर्यंत घुसवली, चिकटवली, घट्ट झाली का ते ओढून पाहिलं. मग विमान त्याच्यापुढे सरकवलं.

"आता मारा," मी म्हटलं. "जोरात मारा."